वाळत ठेवलेली मोटार

गुणवंतरावांना या उद्योगात काय काय मिळणार होतं, ते आधी मांडतो. एक, हाताला काम. दोन, संध्याकाळी उसासे टाकायला कमी वेळ. तीन, आणि हेच मुख्य, वडशाला लेकीकडे कायमचं निघून न जाण्यासाठी एक भक्कम कारण! आणि मला काय मिळणार होतं? मला गुणवंतराव मिळणार होते. बस्स. इतका स्वस्त सौदा मी उभ्या नोकरीत केला नव्हता.

मी सालेटोल्याच्या लाकूड डेपोचा मुन्शी. ओंडका समोर आला की टेप लावायच्या आधीच सांगतो, किती घनफूट भरेल, आतून भरीव आहे की पोकळ. माणसांचंही तसंच. बोलणारा तोंड उघडतो न उघडतो तोच मला कळतं, याला नक्की काय हवंय! ही विद्या मला जंगलानं दिली. दुसरं काही दिलं नाही. लग्नाचं म्हणाल तर मी तयार होतो. पण सालेटोल्याचं नाव ऐकलं की मुलीचे बाप नकाशा मागायचे, आणि नकाशात सालेटोला नव्हता.

गुणवंतराव आमच्या फॉरेस्टच्या रेस्ट हाऊसचे चौकीदार. म्हणजे होते. निवृत्त झाले, पण त्यांच्या जागी यायला कोणी तयार होईना, म्हणून मागच्या खोलीत तसेच राहिले. बायको वारलेली. साहेब लोक वर्षातून एखाद्या वेळी शिकारीला यायचे. बाकी दिवस व्हरांड्यातल्या दोन आरामखुर्च्या आमच्याच. संध्याकाळी डेपो बंद केला की मी तिथे जायचो. ते म्हणायचे, "हूं." मी म्हणायचो, "हूं." मग अंधार पडायचा. पण त्या एका 'हूं'साठी मी दिवसभर सागाचे ओंडके मोजायचो, हे तुम्हाला म्हणून सांगतो.

दसऱ्याला त्यांची लेक रंभा आली. जावई वडशाला धानाच्या गिरणीत. आई गेल्यापासून ती दरवर्षी एकच गोष्ट म्हणायची. यंदा आवाज चढवून म्हणाली.

"बाबा, इथी कोन हाय तुमाले? वानरं? चाला आता घरी! यंदा धान निघालं का नेतेच मी तुमाले."

मी शेजारीच उभा होतो. 'वानरं' म्हणताना तिनं माझ्याकडे पाहिलं नाही, एवढं तिच्या बाजूनं नोंदवतो.

"पाहू," गुणवंतराव म्हणाले.

तो 'पाहू' मी तिथल्या तिथे मोजला. अर्धा भरीव, अर्धा पोकळ. म्हणजे वाव होता!

आता मोटारीकडे येतो. आदल्या थंडीत एक अमेरिकन शिकारी साहेब उतरला होता. वाघासाठी आला आणि डासाला सापडला. हिवतापानं असा हलला की खाटेबरोबर खोलीही हलायची! गुणवंतरावांनी त्याला काढे पाजून उभा केला. जाताना साहेबानं खूष होऊन त्यांना एक पुठ्ठ्याचं खोकं दिलं. गुणवंतरावांनी ते जसंच्या तसं फळीवर ठेवलं. त्यांचा समज, आत साबण आहे, आणि इतका साबण लागेल एवढे आपण मळत नाही!

दिवाळी झाली आणि मी ते खोकं खाली काढलं. झाकणावर एक लालभडक पिकअप मोटार. पुढे टोपीसारखं गोल केबिन, मागे माल भरायला उघडा हौदा. चालवणारा साहेब असा हसत होता की त्याच्या देशात खड्डेच नसावेत. आत कचकड्याचे इवले इवले तुकडे, शंभराच्या वर, आणि एक छापील इंग्रजी कागद.

"हे काय होये जी?" गुणवंतरावांनी विचारलं.

"मोटार."

"इतकुशी?"

"खऱ्या मोटारीचा पंचविसावा हिस्सा. हे तुकडे जोडायचे. तिकडे मोठमोठी माणसं हे जोडत बसतात."

"काऊन? कामधंदा नाई त्याइले?"

"ही नजर स्थिर ठेवणारी विद्या आहे, गुणवंतराव! आणि एकदा हातात घेतली की अर्धी सोडता येत नाही. साहेबाचा अपमान होतो."

शेवटचं वाक्य माझं. पण ते लागलं बरोबर जागी! साहेबाचा अपमान म्हटल्यावर गुणवंतराव चष्मा शोधायला उठले.

माझा बेत साधा होता. धान निघेपर्यंत मोटार संपू द्यायची नाही. रंभा आली की गुणवंतरावांनी म्हणायचं, 'अधुरं काम सोडून कसा येऊ?' मग ती रागावून परत जाईल, आणि पुढचं पुढच्या दसऱ्याला. इंग्रजी सालेटोल्यात फक्त मला येत होतं. त्यामुळे त्या कागदात जे छापलं नव्हतं तेही मला वाचता येत होतं. 'मागची दोन चाकं लावा' असं असलं की मी वाचायचो, "मागची दोन चाकं लावा, आणि बाजाराचा दिवस येईपर्यंत हात लावू नका."

"साह्यबाच्या देशातबी बुधवारी बाजार भरते का?"

"भरतो तर!"

"वा!" गुणवंतरावांना अमेरिकेबद्दल पहिल्यांदाच आपुलकी वाटली.

देवही तेव्हा माझ्या बाजूनं होता. खोक्यातली चिकट्याची नळी पार दगड झालेली निघाली! मग आम्ही धावड्याचा डिंक आणला. धावड्याचा डिंक लाडवात उत्तम. कचकड्यावर त्याचा जीव रमेना. सकाळी बसवलेलं दार दुपारी गळून पडे. शिवाय मुंग्या! एकदा पुढची जाळीच नाहीशी झाली. शोधता शोधता पाहतो तर मुंग्या ती जाळी खांद्यावर घेऊन भिंतीवरून चालल्यात, आणि पुढे एक मुंगी नुसतीच रिकामी, मुकादमासारखी! गुणवंतराव इतके हसले की त्यांना ठसका लागला. मी त्यांना हसताना पाहिलं तेव्हा मला कळलं की त्यांचे समोरचे दोन दात नाहीत. इतकी वर्षं शेजारी बसून मला ते माहीत नव्हतं!

आणि वहाबभाई. डेपोतलं लाकूड वडशाच्या स्टेशनावर नेणाऱ्या ट्रकचे ड्रायव्हर. त्यांनी मोटार हातात घेतली, डोळ्यांजवळ नेली, वास घेतला आणि निकाल दिला.

"ओ मुन्शीजी! इसका इस्टेरिंगच गलत बाजूले हाय!"

"अमेरिकेत डावीकडेच असतं, वहाबभाई."

"अमेरिकेत असन. ये गाडी कुठी हाय? सालेटोल्यात! उद्या सामनेसे बैलबंडी आली तं?"

"अहो, ही चालणार नाही!"

"नाई चालनार ते अलग बात. पर गलत काऊन ऱ्हायची?"

गुणवंतरावांना पटलं. त्यांनी ते इवलंसं चाक कापून काढलं आणि उजवीकडे बसवायला घेतलं. त्यात डाव्या बाजूला भोक पडलं, भोक बुजवायला लाख वितळवली, लाखेनं केबिनचं छत वाकलं, छत सरळ करायला गरम पाण्यात बुडवलं, तर डिंक सुटून चारही चाकं चार दिशांना! मला एवढा आनंद कधी झाला नव्हता. मी वहाबभाईंना डेपोत नेऊन चहा पाजला.

संध्याकाळी आता 'हूं' उरलं नव्हतं. गुणवंतराव बोलायचे! जवानीत दंडारीच्या खेळात, त्या रात्रभरच्या लोकनाट्यात नाचायचे, तिथल्या चाली गुणगुणायचे. बायको गेली त्या वर्षीचं पहिल्यांदाच बोलले. मी कंदिलाची वात वर करायचो आणि मनात म्हणायचो, शाब्बास मुन्शी!

एक दिवस गेलो तर ते मेणाचं काहीतरी वळत होते. मधमाश्यांच्या पोळ्याचं काळपट मेण. दोन बाहुले झाले. एकाला त्यांनी चालकाच्या जागी, म्हणजे वहाबभाईंनी मंजूर केलेल्या उजव्या जागी बसवलं; दुसऱ्याला शेजारी.

"हा कोण?"

"मी."

"आणि तो दुसरा?"

"तुमी. दुसरं कोन हाय इथी?"

मी ओंडका मोजायला वाकतो तसा वाकून बाहुला पाहिला. नाक माझंच होतं. मी म्हणालो, "पोट जरा जास्त झालंय."

"कमी केलं हाय," ते म्हणाले.

झालं! त्या नाकापुढे मी माझा लांबवायचा बेत विसरलो आणि मोटार उभी राहिली. राहिला रंग. खोक्यावर लाल, म्हणजे लालच पाहिजे! बाजारात लाल रंग मिळतो तो एकाच रूपात: शेंदूर. तो जवसाच्या तेलात कालवला आणि गुणवंतरावांनी मोटारीला दोन हात दिले. काय दिसत होती म्हणता! पण जवसाचं तेल; त्याला कडक ऊन पाहिजे. आणि थंडीतलं ऊन सालेटोल्यात मागून मिळत नाही. रेस्ट हाऊसवर चिंचेची सावली आणि सावलीत वानरं. डेपोत ऊन होतं, पण ओंडके लोटताना उडणारी धूळ ओल्या रंगावर बसून मोटारीला गजकर्ण झालं असतं.

इथे माझं डोकं चाललं. गावाच्या शिवेवर देवाचा ओटा आहे. उघडा, उंच, शेणानं सारवलेला, दिवसभर ऊन. वर छप्पर नाही, कारण त्या देवाला छप्पर चालत नाही. आणि मुख्य फायदा ऐका: तिथे ठेवलेली वस्तू कोणी म्हणजे कोणी उचलत नाही! वडशाच्या बँकेपेक्षा सुरक्षित जागा!

गुणवंतरावांना घोरत सोडून दुपारी मी मोटार तिथे नेली. ओट्यावर मातीचे घोडे रांगेनं उभे असतात, लहानमोठे, काही नवे, काही पावसानं पाय गेलेले. मी आमची मोटार त्यांच्या शेजारी जरा तिरपी लावली, डेपोत लावतात तशी. छत पुन्हा वर उचलत होतं, त्याला वजन हवं होतं. दगड ठेवला तर चेपेल, बोर ठेवलं तर घरंगळेल. खिशात चहासाठी आणलेलं लिंबू होतं. ते अगदी बरोबर बसलं. मी चार पावलं मागे जाऊन पाहिलं आणि स्वतःवर खूष होऊन डेपोत गेलो.

आता तुम्ही म्हणाल, मुन्शी, देवाचा ओटा, शेंदूर आणि वर लिंबू. तुला काहीच सुचलं नाही? नाही सुचलं! मी नजरेनं घनफूट सांगणारा माणूस. मला एक मोटार, एक तेल आणि एक वजन दिसलं.

उन्हं कलल्यावर आणायला गेलो तर ओट्यापाशी गाव! बायका, म्हातारे, पोट्टे. मोटारीला हळद लागलेली, चाकांना तांदूळ, हौद्यात झेंडूची फुलं. पुजारी पोचू हात जोडून उभा, आणि बाजूला सोमारीबाईचा कोंबडा. सोमारीबाई म्हणजे रेस्ट हाऊसवर पाणी भरणारी. कोंबडा म्हणजे रोज पहाटे मला उठवणारा. तो आता कोणालाच उठवणार नव्हता.

"अरे, हे काय केलंत!" मी ओरडलो.

सोमारीबाईनं मला पाहिलं आणि पदर डोळ्यांना लावला.

"मुन्शीजी, तुमी तं सांगाचं! गुनवंतभाऊ जाऊन राह्यले अन आमाले पत्ता नाई! मी रोज पानी भरते त्याइच्या घरी, हे मोटार रोज पाहते, मले बी नाई सांगलं!"

"कुठे जाऊन राहिले? कोण म्हणालं?"

पोचू पुढे आला. पोचू हळू बोलतो; त्यामुळे त्याचं बोलणं तोडता येत नाही.

"मुन्शीजी, गाव कायमचं सोडून जानारा मानूस देवाले काय देते?"

"काय देतो?"

"घोडा. काऊन देते?"

"मला काय माहीत!"

"इतके वर्स झाले तुमाले इथी! जानाऱ्या मानसाले देव सोता पोचवाले जाते. लेकरू एकटं कसं जाईन? मंग परत येताना देवानं पायी यावं का? म्हनून मानूस घोडा देऊन जाते. देव त्याच्यावर बसून घरी येते."

मी त्या रांगेकडे पाहिलं. इतकी वर्षं मी ते घोडे पाहत होतो. पाय गेलेले, तोंड झिजलेले. ती सगळी गेलेली माणसं होती! एवढी माणसं इथून गेली आणि मी मोजलीसुद्धा नव्हती.

"आता वडसा," पोचू पुढे म्हणाला. "वडसा का जवळ हाय? घोड्याची छाती फुटन! म्हनून गुनवंतभाऊनं मोटार देल्ली. देवाचा केवढा इचार केला पाहा!"

"केवढा इचार!" सगळे म्हणाले.

"अहो, मोटार दिली नाही! ती वाळत ठेवली होती!"

 पोचूनं माझ्याकडे अशा दयेनं पाहिलं, जशी मी पोकळ ओंडक्याकडे पाहतो.

"देवाच्या ओट्यावर?"

"हो!"

"शेंदूर लावून?"

"तो रंग आहे!"

"वरतं लिंबू ठेवून?"

"ते वजन आहे!"

"मुन्शीजी," तो शांतपणे म्हणाला, "तुमच्या गावी मोटारी अशा वाळवते का?"

मागून कोणीतरी हसलं. पोट्टेच असावेत, अशी माझी समजूत मी करून घेतली.

"बरं, चूक माझी! पण ती मोटार मला परत द्या."

"देवानं घेतली. आता देव तयार होऊन बसला हाय. त्याले ताटकळत ठेवता का? उद्या सकाळी वहाबभाईचा टरक जाते, त्यातच भाऊले जा लागन."

एवढं बोलून ते सगळे गुणवंतरावांकडे निघाले! मी आडवाटेनं पळालो. मुन्शी धावताना सालेटोल्यानं पहिल्यांदा पाहिला. कुत्रीसुद्धा भुंकायच्या ऐवजी बाजूला झाली. डोक्यात एकच: त्यांनी 'नाही' म्हटलं की झालं! गुणवंतराव म्हणतील, कोण जातंय? मी कुठी नाही जात! पोचू देवाची समजूत काढेल, एखादा कोंबडा आणखी जाईल, तो मी भरीन.

गुणवंतराव नुकतेच उठून तोंड धुवत होते. मी धापा टाकत सगळं सांगितलं. शेंदूर, लिंबू, घोडे, देव, वडसा.

"तुम्ही फक्त 'नाही' म्हणा! बाकी मी पाहतो!"

ते काही बोलायच्या आत आवार भरलं. कोणी नवे तांदूळ आणले, कोणी वाल, कोणी मोहाच्या फुलांची पुरचुंडी. म्हाताऱ्या बायका त्यांच्या तोंडावरून हात फिरवायला लागल्या. एक म्हातारा, ज्याला मी उभ्या जन्मात बोलताना ऐकलं नव्हतं, तो म्हणाला, "भाऊ, तुमी माह्या पोराले हिवतापाचा काढा देल्ता." दुसऱ्यानं वाघरू आलं होतं तेव्हाची गोष्ट काढली. व्हरांड्यात माणूस मावेना! माझी आरामखुर्ची कोणी सरकवून ढोलाला जागा केली.

मला त्या सगळ्यांचा राग आला. हीच माणसं अशी अधूनमधून आली असती, तर हा माणूस भिंतीकडे पाहून उसासे कशाला टाकत बसला असता? पण असं आहे, सालेटोल्यात माणूस जायला निघाल्याशिवाय तो होता हे कोणाच्या ध्यानात येत नाही!

"सांगा त्यांना," मी गुणवंतरावांच्या कानात म्हणालो.

ते उभे राहिले. चष्मा काढला, धोतरानं पुसला, पुन्हा लावला.

"होय," ते म्हणाले. "जातो म्हनतो."

ढोल वाजला! बायका रडल्या, पोट्टे नाचले. मी त्यांना हाताला धरून मागच्या खोलीत ओढलं.

"गुणवंतराव! हे काय बोललात?"

ते खाटेवर बसले. माझ्याकडे पाहिलं नाही.

"मुन्शीजी, मी जानारच होतो जी. दसऱ्यालाच ठरलं होतं मनात. लेक बोलावते, नातू हायेत, आता चुलीसमोर बसून डोये जाते माहे. पन तुमाले कसं सांगू? तुमी रोज येता. मोटारीत एवढा जीव लावला तुमी. मी म्हनलं, मुन्शीजीची मोटार होऊन जाऊ दे, मंग सांगू. म्हनून तं रोज पहाटे उठून जोडत होतो."

"रोज पहाटे?"

"तुमी मोठे हळू करता जी."

मी खाली बसलो. म्हणजे मी ती मोटार त्यांच्यासाठी लांबवत होतो, आणि ते ती माझ्यासाठी संपवत होते! घनफुटाचा माणूस मी! 'पाहू' अर्धा पोकळ निघाला होता हे खरं. पण कोणता अर्धा, ते मी उलटं मोजलं होतं.

"देवानंच निकाल लावला," ते म्हणाले. "माही जीभ उचलत नोती."

बाहेरून पोचूनं हाक मारली. आत येऊन त्यानं मला आणखी एक गोष्ट सांगितली, तीही हळूच.

"मुन्शीजी, मोटारीत दोन जन बसून हायेत. एक भाऊ. दुसऱ्याचं नाक तुमचं हाय."

"मग?"

"मंग तुमाले जा लागन. भाऊ तिकडंच ऱ्हातीन. तुमी देवाले घेऊन वापस या."

दुसऱ्या दिवशी सकाळी वहाबभाईंच्या ट्रकच्या केबिनमध्ये आम्ही तिघं. वहाबभाई, मध्ये गुणवंतराव, दाराकडे मी. त्यांची ट्रंक माझ्या मांडीवर, तांदळाचं पोतं पायाशी, वालाच्या शेंगा सगळीकडे. दार नीट लागत नव्हतं, ते मी सुतळीनं धरून बसलो होतो. गुणवंतराव वाटभर बोलत होते. नातवाला मोटार जोडायला कशी शिकवणार, वडशाला धावड्याचा डिंक कुठे मिळेल, चिकटा पातळ झाला तर काय करायचं. मी म्हणत होतो, "हूं."

वडशाला रंभा दारात उभी होती. तिनं बापाला पाहिलं आणि पिठाचे हात तसेच घेऊन धावली. नातवंडं ट्रकवर चढली, ट्रंकेवर चढली, आजोबांवर चढली. मलाही ताट वाढलं.

"मुन्शीकाका, तुमीबी येत जा जी इकडं."

"पाहू," मी म्हणालो. हा मात्र पूर्ण पोकळ होता. मोजायची गरज नव्हती.

निघताना गुणवंतराव ट्रकपाशी आले. काहीतरी बोलायचं होतं. दोघांनाही. शेवटी ते म्हणाले, "हूं."

मी म्हणालो, "हूं."

परतीला अंगावर वारा येत होता. दाराची सुतळी तुटली होती, म्हणून मी मधल्या रिकाम्या जागेत सरकलो.

"ओ मुन्शीजी!" वहाबभाईंनी ब्रेकच मारला. "सरका! सरका तिकडे! कोनाच्या मांडीवर बसून राह्यले?"

"अहो, जागा रिकामी आहे!"

"खाली कहाँ हाय? पोचूभाऊले जबान देल्ली मी. येताना बीचवाली जागा देवाची!"

"तुम्ही कधीपासून मानायला लागलात?"

"मानन्याची बात नाई. सवारी म्हनजे सवारी! मेरी गाडीत सवारी उभी नाई ऱ्हात!"

मग काय! सबंध वाट मी दाराला लटकलेला, वहाबभाई चाकामागे, आणि मध्ये ऐसपैस देव. खड्डा आला की वहाबभाई हळूच घ्यायचे, बाजूला पाहून "माफ करा" म्हणायचे. मला नाही. मी दोनदा बोलायचा प्रयत्न केला. देवानं एकदाही 'हूं' केलं नाही.

शिवेवर ट्रक थांबला. देव मध्ये, त्यामुळे त्याला उतरायला वाट द्यायची तर मलाच आधी उतरावं लागलं. मी उतरलो, दार धरून उभा राहिलो. वहाबभाईंनी दोन क्षण थांबून दार ओढून घेतलं. "आता उतरलेच हायेत तं जा पायी!" म्हणाले आणि धूळ उडवत डेपोकडे गेले.

ओट्यावर मोटार उभी होती. पूर्ण वाळलेली. रंग असा बसला होता की नख लावलं तरी निघाला नसता. आत दोघं जण समोर पाहत बसलेले. मी हात लावला नाही.

तर आता शेवटचा जमाखर्च. रंभाला बाप मिळाला. गुणवंतरावांना नातवंडं आणि गरम जेवण. देवाला मोटार, आणि तीही उजव्या हाताच्या इस्टेरिंगची. पोचूला एक नवी रीत. आता गाव सोडणारा जो तो विचारतो, घोडा देऊ की मोटार? वहाबभाईंचं त्या दिवशी टायर फुटलं नाही, ते त्याचं श्रेय अजून मधल्या सवारीला देतात. सगळ्यांच्या नावावर जमाच जमा! आणि भरलं कोणी? दोघांनी. सोमारीबाईच्या कोंबड्यानं आणि मी. त्यातला कोंबडा एकदाच भरून मोकळा झाला. माझे हप्ते चालू आहेत. रोज संध्याकाळी, डेपो बंद केल्यावर.